उरलेलं

काम्पेचेच्या सरकारी इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे समुद्राची खार भिंतीतून वर चढते
आणि संगणकाचा पंखा दिवसभर घसा खाकरतो,
मी पेन्सिल लिहिते.

हो, लिहितेच.
इथली पेन्सिल म्हणजे चाळीस ओळी:
बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद,
मधल्या हालचालींची नोंद.
पहिल्या दिवशी तिनं रेघ काढलीच नाही.
हात जरा घाईत फिरला की नुसते ठिपके,
मुंगळ्यांची फुटलेली रांग.
माऊस सलग काही सांगत नाही,
आठवेल तसं, थांबत थांबत सांगतो.
मधलं आपण जोडायचं असतं.
जोडलं.

मग रंग.
एलिओदोरो काचेवर कुणाच्या तरी देहाचा पापुद्रा ठेवतो,
आधी हेमॅटॉक्सिलिनच्या जांभळ्यात बुडवतो, मग गुलाबीत.
जांभळं पेशींचा गाभा धरतं,
गुलाबी बाकीचा संसार.
पडद्यावर मात्र दोन्ही
एकमेकांच्या अंगावर सांडलेले.

नीरक्षीर करायला बसले
आणि पहिली वजाबाकीच चुकली.
काचेवरचा रंग उजेडात भर घालत नाही,
उजेड खातो.
म्हणून किती आला ते विचारू नये,
वाटेत किती गडप झाला ते विचारावं,
त्याचा लॉगरिदम घ्यावा,
आणि तीन बाय तीनची आकड्यांची चौकट
उलटी करावी,
अंगरखा उलटून शिवण बघावी तशी.

तीन चित्रं निघाली.
एक जांभळं. एक गुलाबी.
तिसऱ्याला मी नाव दिलं होतं: उरलेलं.
हिशेबानं ते कोरं हवं.
नव्हतं. कोपऱ्यात बोटाचा ठसा होता,
रेषा न् रेषा मोजता येईल असा.

एलिओदोरोला दाखवला. आधी ओशाळला, मग हसला.
"या जांभळ्याचं झाड आमच्याच दलदलीतलं.
माझा आजा तोडायचा.
वरून काटेरी, आत लालभडक,
हाताला लागलं की जेवतानाही जायचं नाही.
आता तेच बाटलीतून येतं, परदेशी लेबल लावून,
आणि पोच म्हणून सही मी करतो."
त्यानं खिशातला रुमाल काढला.
मी म्हटलं, राहू दे.

गुरुवारी डॉक्टर रेफुहिओ आल्या
माझ्या पेन्सिलीनं गाठीभोवती कुंपण घालायला.
मी हौसेनं एक सोय करून ठेवली होती:
हात थरथरला तरी रेघ गुळगुळीत.
त्यांना एकसष्ट पूर्ण झालेली,
म्हटलं, बाईंना बरं पडेल.
त्यांनी वळसा घातला,
शेवटचं टोक पहिल्याला माझ्या कोडनं जुळवलं.
चष्मा कपाळावर सरकवून
त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"देखणी आहे," म्हणाल्या, "पण माझी नाही, फिलिबेर्ता.
इथे, डावीकडे, मी अडखळले होते.
या सात पेशी आतल्या की बाहेरच्या,
मला कळत नव्हतं.
तुझ्या रेघेला कळलेलं दिसतंय.
कसं?"

बाहेर बर्फगोळेवाला घंटी वाजवत गेला.
मी मान खाली घालून कीबोर्डावरची धूळ पुसली.

अकरा ओळी होत्या. खोडायला चहाएवढा वेळ लागला नाही.
त्यांनी पुन्हा वळसा घातला.
उजवीकडून रेघ निमूट आली,
खालून आली,
आणि डावीकडे पोचल्यावर
खारफुटीच्या किनाऱ्यासारखी
आत, बाहेर, परत आत
दातेरी होत होत वर गेली.
"आता सर्जन इथे थांबेल," त्या म्हणाल्या,
"मला फोन करेल."

फाइल जपून ठेवली.
नाव टाकायच्या चौकटीत
कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.