मागचा आवाज

मुसफ्फाला शाबिया दहामध्ये हनीफचं दुकान.
काउंटरवर दोन डबे.
एकात रबराची बोंडं, तीन मापांची, पस्तीस दिरहम.
दुसऱ्यात यंत्र, चारशे एकोणपन्नास.
मी मनात तेविसानं गुणतो
आणि दहा हजारांच्या पुढं गेल्यावर
गुणायचं सोडून देतो.

हनीफ म्हणतो, हे नुसतं बूच आहे भाई,
बाहेरचं बाहेर, आतलं आत.
आणि हे हुशार. आधी ऐकून घेतं,
मग आवाजाला त्याचाच उलटा आवाज भिडवतं.
चढाला उतार, जमेला खर्च,
बाकी शून्य.

मला ते लगेच कळलं.
पगाराच्या तारखेला माझ्या खात्यात
हेच होतं.

मी चिलर प्लांटला. बारा तास, सहा कॉम्प्रेसर,
कानांवर पिवळे मफ.
शहराला थंडी पुरवायची.
कुणाच्या तरी बेडरूमात ती इतकी गुपचूप पोचते
की त्यांना वाटत असेल, भिंतीतच उगवते.
सकाळी सातला खोलीवर. चार खाटा,
आणि खिडकीतला एसी,
जो नऊ वर्षं एकच वाक्य बोलतोय,
पूर्णविराम काही सापडत नाही त्याला.

बूच दुकानातच घालून बघितलं.
बाजार बुडाला. ट्रेलर, कॅरम, हनीफ, सगळं.
आणि वर आलो मी:
गिळलेला आवंढा, दाढेची करकर,
रक्ताची ये-जा.
स्वतःच्या इतक्या जवळ
तेरा वर्षांत गेलो नव्हतो.
काढलं घाईघाईनं.

दुसरं टेकबहादूरनं दिलं, एका शुक्रवारपुरतं,
चार्ज करून परत द्यायच्या बोलीवर.
दुपारी तीनला बटण दाबलं आणि एसी गेला.
म्हणजे वारा येत होता, पायाला गार लागत होतं,
फक्त बोलणं बंद.
गुरमेलचं घोरणं उरलं.
आणि घोरण्याच्या फटीतून शिबू.
चादरीच्या आत, फोन तोंडाशी,
मुलीला सातचा पाढा शिकवत होता.
मल्याळम मला येत नाही,
पण सातचा पाढा कुठल्याही भाषेत
छपन्नापाशी अडखळतो.
ती चुकत असणार, कारण तो पुन्हा
सात एके सातपासून,
आमची झोप मोडू नये इतक्या हळू.
इतकी वर्षं एसी त्याच्यावर पांघरूण घालत होता
आणि मी एसीला शिव्या.

माणसाचा आवाज यंत्राला नीट पुसता येत नाही म्हणे.
एकसुरी असेल तेवढंच त्याच्या हाती लागतं.

मग त्यातूनच घरी फोन लावला.
वर्षाराणी म्हणाली, कुठं हाईसा?
म्हटलं, खोलीवर.
खोटं.
अगं, खोलीवरच.
मग तुमच्या मागं कुनीच कसं न्हाई?
एसी न्हाई, ते पंजाबी भावजी घोरत न्हाईत,
बांग न्हाई, जिन्यातली भांडी न्हाईत.
दवाखान्यात हाईसा का? खरं सांगा.

कसं सांगणार, की ऐकण्याचं यंत्र
बोलतानाही पुसत राहतं,
तिच्याकडं पोचेपर्यंत खोली धुऊन टाकतं,
नुसता मी उरतो, आणि नुसता मी
तिला ओळखीचा नाही.

कानातून काढलं. फोन एसीपुढं धरला.
बराच वेळ.
ती म्हणाली, हां.
आता बोला.

शनिवारी हनीफला पस्तीस दिरहम दिले.
एकच बोंड वापरतो, भिंतीकडच्या कानात.
दुसरं डबीत.
शिबूकडचा कान उघडा.
एसीच्या खालून, आता जागा माहीत झाली म्हणून,
ऐकू येतं थोडं.
आठाचा पाढा चालू आहे.
हल्ली ती अडखळत नाही.
तो अडखळतो.