दोनदा ऐकवलं जाईल

‘ध्वनिफीत दोनदा ऐकवली जाईल,’
असं सांगणारा तो साहेब
रामबागेतल्या आमच्या मागच्या खोलीत
रोज सकाळी सव्वासातला येतो.
चहा मागत नाही, घसा खाकरत नाही,
आणि त्याचा दुसरा प्रश्न सुरू होतो न होतो
तोच गल्लीत कचरागाडी शिरते,
भोंग्यावर गाणं लावून.
ओला कचरा, सुका कचरा,
त्यातून त्या बाईची गाडी
कुठल्या फलाटावर लागते
ते मला कधी कळलेलं नाही.
मी लिहिते फोर.
उत्तर असतं फोर्टीन.

सोलंकी मॅडम म्हणतात, तुम्ही मुली
शब्दाचं शेपूट ऐकतच नाही.

माणिकआत्या बत्तीस वर्षं
टेलिफोन एक्स्चेंजात होती. ट्रंककॉल जोडायची.
एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.
वायर आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं,
तिच्या केसांना माक्याच्या तेलाचा वास.
ऐकताना ती डोळे मिटत नाही,
समोरच्या भिंतीवर एकाच जागी बघते,
तिथं अजून कुणाकुणाचे दिवे लागत असल्यासारखी.

“ही बाई खोटं बोलून राहिली आहे.”
आत्या, प्रश्न तो नाहीये.
तिनं तिकिटं किती घेतली, एवढंच विचारलंय.
“दोन म्हणतेय. पण जाणार एकटीच.
दोन म्हणायच्या आधी थांबली बघ.”
मी पुन्हा लावलं.
थांबली होती खरी.
उत्तरपत्रिकेत थांबण्याला
अर्धासुद्धा गुण नाही.

वाचनाचा उतारा तिला आवडत नाही.
कागद श्वास कुठं घेतो कळत नाही, म्हणते.
तरी चष्मा पुसून शेजारी बसते.
उतारा सहावा: एका गावातलं
मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला आलेला माणूस.
चौदाव्या ओळीतला ‘तो’
कोणाला उद्देशून आहे?
अ, घड्याळजी. ब, त्याचा मुलगा.
क, पाद्री. ड, यांपैकी कोणी नाही.
मी बोट ठेवून मागं सरकते,
तेरावी, बारावी, अकरावी.
सर्वनामाच्या मागं कुठंतरी नाम असतंच,
हे मॅडमचं वाक्य मी मोठ्यानं म्हटलं.

“असतंच असं नाही,” आत्या म्हणाली
आणि दूध बघायला उठली.
गॅस बंद होता.

परत आली ती निवडायला मेथी घेऊन.
“नागपूरहून एक आवाज यायचा.
मंगळवारी, रात्री पावणेदहाला.
लाइन लागली की आपण बाहेर पडायचं,
नियमच होता तसा.
तर बाहेर पडायच्या आत
तो थँक्यू म्हणायचा. मला.
त्याच्या पलीकडच्या माणसाला नाही. मला.”
नाव काय?
तिनं नंबर सांगितला.
न अडखळता,
मेथीचं एक पान न थांबवता.

परीक्षेला लॅबमध्ये हेडफोनचा स्पंज
कुजून कानाला काळे कण लागले.
बाहेर जनरेटर.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला फक्त ‘स्टेशन’ आणि ‘छत्री’ सापडली.
दुसऱ्यांदा मी पेपर उलटा ठेवला
आणि भिंतीवर, जिथं पोपडा निघालाय,
तिथं बघत बसले.
प्रश्न सातवा: बोलणारा कुणाची वाट पाहत आहे?
बहिणीचं नाव घेतलं त्यानं,
स्वच्छ घेतलं,
पण त्याआधी एक श्वास जास्तीचा होता.
मी ब वर गोल केला,
मग खोडला, मग पुन्हा केला.
निकाल जूनमध्ये आहे.

भंवरकुव्याच्या चौकातून घरी फोन लावला.
मागं रिक्षा, हॉर्न, कुणीतरी ‘ओ भिया’ ओरडलं.
“आवाज साफ येत होता का?”
पेपर कसा गेला, हे तिनं विचारलंच नाही.
येत होता, म्हटलं.
सांगायचं आणखी होतं,
त्या श्वासाबद्दल, ब बद्दल.
“बरं, ठेव आता,” ती म्हणाली,
“तीन मिनिटं होतील.”