सत्तरचे ऐंशी

प्रेसचा भोंगा झाला की मी मशीन उघडते.
जेलरोडच्या या गल्लीमागे भिंत, भिंतीपल्याड झाडं,
झाडांपल्याड कुठेतरी नोटा छापतात.
सलोनी लहान असताना विचारायची,
इतक्या जवळ आहेत, तर वाऱ्यानं
एखादी उडून कशी येत नाही गं?
आता ती नववीत आहे. विचारत नाही.
आता सांगते, पनीर नको आणूस, मला आवडत नाही.

फॉल-बिडिंगचे सत्तर.
चार वर्षं झाली, सत्तरच.
तेव्हा फॉल पंधराला यायचा,
आता बिटकोजवळचा दुकानदार पंचवीसच्या खाली बोलत नाही.
यांचा ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद.
सिलिंडर मी रोज सकाळी हलवून बघते,
झोपलेल्या म्हाताऱ्याला हलवावं तसा, हळूच.
आहे का अजून, एवढंच.

दूधवाल्यानं दोन रुपये वाढवले
तेव्हा तो माझ्या चपलांकडे बघत होता.
किराणावाल्यानं पाटीच बदलली,
बोलायची पाळीच आली नाही त्याच्यावर.
शाळेनं चिठ्ठी दिली, छापील, खाली कुणाची सही नाही.
घरमालक चहा पिऊन निघाला
आणि कप खाली ठेवता ठेवता बोलला.
ज्याला त्याला आपली एक रीत सापडली आहे.
हातातोंडाची गाठ म्हणतात.
दिवसभर गाठी मारणारी बाई मी,
नेमकं याच दोऱ्याचं टोक हाताला लागत नाही.

भांडी घासताना म्हणून बघते:
आता ऐंशी झालेत हं ताई.
हं नको. हं ऐकलं की बाई घासाघीस करते.
ऐंशी होतील.
होतील म्हटलं की वाटतं, अजून झालेले नाहीत.
ऐंशी.
नुसतं ऐंशी म्हटलं की
बँकेतली कुणी बाई काचेआडून बोलल्यासारखं.

संध्याकाळी तुंगार मावशी आल्या.
नातीच्या साखरपुड्यात नेसायची साडी, मोरपंखी.
मी मांडीवर घेतली, काठ चाचपला,
आणि दोऱ्याचं टोक ओठांत होतं
तेवढ्यात बोलून टाकलं.

मावशी पर्समध्ये बघत राहिल्या.
पर्स लहान. बघण्यासारखं फार नसावं.
मग म्हणाल्या, नुसता फॉल लाव. बिडिंग राहू दे,
ते मी करीन घरी. डोळे चांगलेत अजून.

डोळे चांगले नाहीत.
मागच्या महिन्यात माझ्याकडून सात सुयांत
दोरा ओवून नेला होता त्यांनी,
रोजची एक, आठवडाभराची बेगमी.

फॉलचे पन्नास ठरले.
दहा वाढवायला गेले होते, वीस गेले.

जाताना त्यांनी पिशवीतून पुडी काढली.
द्राक्षांचे मणी.
घड गेले पेट्यांमधून लांब कुठेतरी,
हे गळलेले, ढिगानं देत होता एकजण.
सलोनीला दे, गोड आहेत.
पुडीचा कागद खालून ओला झाला होता.

रात्री फॉल लावून झाला.
बिडिंग केलं नाही. करायला तासभर गेला असता,
आणि एकदा केलं की तोच भाव होतो.
साडीची घडी घातली.
मग पुन्हा उघडली,
डब्यातून सुया काढल्या, मोजून सात,
मोरपंखी दोरा ओवला,
आणि पदराच्या आतल्या अंगाला ओळीनं टोचून ठेवल्या.
दोरा माझाच. तो कुठे मांडला नाही.

सलोनी पुस्तकातून वर न बघता म्हणाली,
आई, मणी तू खा. मला नाही आवडत.

आवडतात तुला, मी म्हटलं. खा.

त्यात हं नव्हतं, होतील नव्हतं.
सकाळपासून शोधत होते तो आवाज हाच.
तिनं वही मिटली
आणि पुडी जवळ ओढली.