वाटे

पहिल्या बुधवारी एसोनोनं ताट पुढं ओढलं,
तांबड्यात बोट बुडवलं, चाखलं, डोळे पुसले
आणि विचारलं, "मावशी, हा कुणी मारला?"

अकरा वर्षं मेस चालवते मी राजारामपुरीत.
तिखट जास्त, तुकडे बारके,
पांढऱ्याला नारळ कमी पडला का,
सगळं विचारून झालंय पोरांचं.
हे कुणी विचारलं नव्हतं.
"खाटकाकडनं आणलंय बाबा. बोकड हाय."
तो मान हलवून जेवला.
ते उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

तो गॅबनचा. विद्यापीठात मातीचं शिकतो.
त्याच्या गावामागं रान सुरू होतं ते संपतच नाही म्हणे,
आणि मामा शिकार घेऊन आला
की आई आधी माणसं मोजते, मग सुरी उचलते.
ज्याचं जाळं, त्याला मांडी.
मान सासऱ्याला.
काळीज दात पडलेल्यांना.
आतडं कुत्र्याला, कारण
लाकडाची घंटा गळ्यात बांधून तोच पुढं पळाला होता.
आणि एक जनावर पोटुशीला वर्ज्य.
त्याचं नाव त्याला मराठीत येईना,
म्हणून त्यानं वहीच्या कडेला काटे काढले, काटेच काटे.

मी उठले. ट्रंकेतनं आईचा काटा आणला,
साळिंदराचा, काळा-पांढरा, वीतभर.
आमच्यात पोटुशीचा भांग ह्यानं पाडायचे.
त्यानं तो तळहातावर घेतला,
वास घेतला,
आणि बराच वेळ परत दिला नाही.

माझा बा सत्ताप्पा, दाजीपूरकडचा हाक्या.
बंदूक दुसऱ्याची, पत्र्याचा डबा ह्याचा.
डबा बडवत करवंदीतनं सरकायचं,
डुक्कर उठलं तर उठलं.
मुंडकं नेम धरणाऱ्याला,
बाकीच्याचे वाटे पळसाच्या पानावर,
आणि तापानं घरी पडलेल्याचाही एक,
कारण पुढच्या खेपेला आपणही पडू.
मग रानाला पाटी लागली.
बानं डब्यात ज्वारी भरली.
बरं झालं का वाईट, मला विचारू नका.

एसोनोच्या आईकडं पाटी नाही लागली,
लाकडाच्या लॉऱ्या आल्या.
लॉऱ्यांमागनं तारेचे फास.
आता मांस धुरावून, पोत्यात भरून शहराला जातं
आणि गावाला जहाजानं येतात
बर्फातली टर्कीची ढुंगणं.
"ह्यांचे वाटे कसे करायचे?" आई फोनवर विचारते,
"सगळी सारखीच."
हे सांगताना तो हसला. मीही हसले.
मग रस्सा गार झाला.

मागच्या थंडीत गवा आला पंचगंगेकाठच्या उसात.
पूल माणसांनी भरला, हात वर, हातात मोबाईल.
गवा उभा, नाकातनं वाफ,
पायात पांढरे मोजे घातल्यागत.
एसोनो माझ्या कानाशी पुटपुटला,
"ह्याचे किती वाटे, मावशी?"
मी म्हटलं, "एकबी न्हाई. गवा हाय तो.
बा सुद्धा डबा खाली ठेवायचा."
त्यानं का विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, "तुमच्या कुळाचा."
मी कधी असं म्हटलं नव्हतं.
"व्हय," म्हटलं.

पुढच्या बुधवारी खाटकाला विचारलं,
तर तो सुरी पुसत म्हणाला, "का, मटण वातड निघालं का?"
"न्हाई रं. नाव पायजे."
मागं रांग खोळंबली होती.
"हारूण मुलाणी," तो म्हणाला. "पहाटे चारला येतोय.
बोकड वडगावच्या बाजारातला, काळा, एका कानाला भोक."

मी तसंच सांगितलं, कानाच्या भोकासकट.
एसोनोनं नाव एकदा म्हणून बघितलं,
ण चुकला, परत म्हटलं,
मग भाकरी मोडली.