शिल्लक

पहिली दिसली तेव्हा मी तिला पाहुणी म्हणाले.
मुगाच्या डाळीएवढी, काचेवर,
कोपरखैरण्याहून आणलेल्या रोपाच्या पानामागून उतरलेली.
दुकानदाराने रोप ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं,
पालेभाजीसारखं,
आणि रोज पाचशे जुड्या मोजणाऱ्या मी
पान उलटं करून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांत एकोणीस.
पुढच्या आठवड्यात मोजणं सोडलं,
हे माझ्या हातून सहसा होत नाही.
वाशीच्या भाजी मार्केटात गाळ्यावर मी हिशेब लिहिते,
मेथी, शेपू, आडत, हमाली, तोलाई,
रुपयाचा फरक आला तरी शेठ चष्मा काढून बघतात.
घरी दीड फुटाच्या टाकीत मात्र
जमा फुगत चाललेली,
नावे बाजू कोरी.

रात्री कोबीचं पान दोऱ्याला बांधून सोडलं.
तीनला उठले तर त्यावर पंगत बसलेली.
अलगद उचललं, मोरीत नेलं, मीठ घातलं,
आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.
दुसऱ्या रात्री काकडी. तिसऱ्या रात्री दुधी.
काही चमच्याने काचेवरच चिरडल्या.
कट् असा आवाज होतो, तांदळाच्या खड्यासारखा.
मासे धावून आले.

नझीर दुकानात म्हणाला, औषध आहे, तांब्याचं,
पण तुमच्या कोळंब्या जातील.
गोगलगायी खाणारी गोगलगायही आहे,
पट्ट्यापट्ट्यांची, दीडशेला एक.
मग तिला कोण खाणार, मी विचारलं.
तो हसला. मग म्हणाला,
ताई, खाणं किती घालता?
चिमूटभर. दिवसातून एकदा.
मग एवढ्या होणार नाहीत.
त्या हवेवर वाढत नाहीत. कोणीतरी देतंय.

घणसोलीच्या आमच्या घरात माणसं दोन.
जयदास ऐरोलीला रात्रपाळी करतो,
अमेरिकेतल्या लोकांचे विम्याचे कागद तपासतो,
साडेपाचला परततो. मी तेव्हा वाशीत.
दुपारी मी येते, तो पडदा ओढून झोपलेला.
संध्याकाळी त्याच्या गाडीचा हॉर्न वाजतो,
माझा नेमका डोळा लागलेला.
रविवारी गावठाणात त्याच्या आईकडे जेवायला जातो.
टाकीची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या,
गोगलगाय नि पोटान पाय,
आणि बघितलं आम्हा दोघांकडे.

मग एकदा माथाडींचा बंद झाला.
मी तीनला उठले होते, माशांना घातलं होतं,
चप्पल घालताना फोन आला, येऊ नका.
अंधारात ओट्यापाशी बसून राहिले.
साडेपाचला कुलूप वाजलं.
त्याने दिवा लावला नाही. बूट काढले नाहीत.
टाकीसमोर उकिडवा बसला,
डबा उघडला,
जेवलात का रे, म्हणाला,
आणि चिमूट सोडली. मोठी.
मग आणखी एक.

मीही निघताना त्यांना हेच विचारते.

दिवा लावला तेव्हा त्याची बोटं डब्यात होती.
मी घातलंय, म्हणाले.
मी पण. रोज घालतो.
कधीपासून?
टाकी आणली तेव्हापासून.

काचेला आता बाजूने कागद चिकटवलाय.
पहिला आठवडा नुसत्या बरोबरच्या खुणा.
मग, दिलं. दूध संपलंय.
दिलं. तुझा घसा कसा आहे?
आज नको, त्यांचा उपास.
दिलं नाही, विसरलो, तू दे.
शेवटची चिमूट हातातच ठेवायला
मला फार जड गेलं,
मीठ घालण्यापेक्षाही.

नव्वदच्या साठ झाल्या, साठच्या वीसेक.
रिकामे शंख वाळूत पडलेत,
पाणी बदलताना नळीत खुळखुळतात.
कागद काल भरला.
मी गाळ्यावरून पावत्यांचं जुनं पुस्तक आणलंय,
मागची बाजू कोरी असलेलं.
पहिल्या पानावर त्याचं अक्षर,
फिल्टरमागे एक मोठी आहे. पाहिलीस?

चमचा हातात होता.
खाली लिहिलं, पाहिली.