औंसात किती

यात आकडा वाढतो तसा दाणा बारीक होत जातो.
नऊ म्हणजे मोहरी.
चार म्हणजे दाताला कळेल असा.
मर्नाला हे पटत नाही. ती दुसरीत आहे,
नुकतीच शिकली आहे
की नऊ चारापेक्षा मोठे.

दुकानात फक्त आठ नंबर उरला होता,
पंचवीस पौंडांची पिशवी,
मातीच्या तबकड्यांवर रविवारी बार काढणाऱ्यांसाठी.
किंमत दुकानदाराने तोंडाने सांगितली नाही,
पिशवी फिरवून चिठ्ठी दाखवली.
आठाने ससा मरत नाही. पाय ओढत
सीडरच्या दलदलीत शिरतो,
आणि रात्रभर तुम्हाला झोप नाही.
चाराने मरतो, पण चाराचे दाणे थोडे,
हवेत इतके विरळ पांगतात
की मधल्या भोकातून खार निघून जाते
आणि वरच्या फांदीवरून तुम्हाला शिव्या देते.
सहा. मला सहा हवा होता.

हूटनला फोन केला. मग मार्केटला.
"येईल."
कधी?
"येईल म्हणालेत."
कुणी म्हणालं, पोलादी छर्रे घे, मुबलक आहेत.
माझी बंदूक आजोबांची. तिची नळी
शिशालाच सोसते, पोलादाला नाही.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा लेम्पी कांगासचा निरोप आला:
आर्वोचं खोपटं रिकामं करते आहे, ये.
आर्वो एप्रिलमध्ये गेला, सरोवरावरचा बर्फ फुटत असताना.
खोपट्यात काडतुसं भरायचं यंत्र, रंग उडालेलं,
दांड्याचं लाकूड तळव्याने चकचकीत झालेलं.
खोक्यांतून रिकामी काडतुसं, लाल आणि पिवळी,
तोंडाशी अजून जुन्या घड्या.
आणि कॉफीचा एक डबा,
दिसायला हलका, उचलला की खांदा खाली ओढणारा.
वर चिठ्ठी नाही. पेन्सिलीचा पुसट डाग.
"कुठला नंबर गं हा?"
"मला पातेल्यातलेच ठाऊक," लेम्पी म्हणाली,
"दातात आले की बशीत टण्णकन टाकायचे ते."
पैसे घेईना. शेवटी एक ससा ठरला. सोललेला.

घरी जेवणाच्या टेबलावर तराजू मांडला. एक औंस.
हिशेब साधा आहे:
एकशे सत्तर भरले तर पाच,
सव्वादोनशे भरले तर सहा.
मर्ना दहा-दहाचे ढीग करत बसली
(बोट तोंडात घालायचं नाही, नंतर साबण, ही अट).
एकशे एक्क्याऐंशी.
पुन्हा मोजले.
एकशे एकोणऐंशी, कारण दोन टेबलाखाली घरंगळले.
यातला एकही आकडा माझ्या कोष्टकात नाही.

"बाबा, हे सारखे नाहीतच."
दिवा खाली ओढला. अंगठ्याखाली फिरवून पाहिले.
वजनाने निम्मे चार, निम्मे सहा.
सरपणसुद्धा जाडीप्रमाणे रचणारा आर्वो,
त्याच्या डब्यात अशी सरमिसळ?

लेम्पीला फोन केला.
पलीकडे बराच वेळ नुसता रेडिओ.
"डोळे गेले होते त्याचे," ती म्हणाली. "दोन हिवाळे.
कुणाला सांगायचं नव्हतं.
ससा जवळ आहे की लांब ते कळेना,
म्हणून दोन्ही भरायचा."
"लागायचा?"
"छे. पण चालून यायचा.
जेवायचा पोटभर."

माझ्याकडे चाळणी आहे.
बारीक खाली, जाड वर, पाच मिनिटांचं काम.
मर्ना दोन बश्या घेऊन उभी होती.
मी डबा तिरका केला, पुन्हा सरळ केला,
मग चाळलेच. सहा हवा होता मला,
आणि ससा कबूल केलेला.

टेबलाखालचे दोन अजून सापडले नाहीत.
मर्ना विचारते, ते चार होते की सहा.