अबकचं ताट

तन्वीर मुजावर म्हणाला, शिकायचंच तर रिॲक्ट शीक,
हिंजवडीत दुसरं काही विचारत नाहीत.
तो आता तिकडेच असतो. पूर्वी माझ्या शेजारच्या कॉटवर असायचा,
भिंतीला टेकून पंचायत राजचे प्रश्न विचारायचा.
त्याचं एका गुणानं गेलं, माझं सातानं.
त्यानं पुस्तकं नव्या पोरांना विकली,
मी अजून एक वर्ष थांबलो.

आता एकतीस संपताहेत.
सदाशिव पेठेत, गवांदेबाईंच्या मेसवरच्या खोलीत
लॅपटॉप उघडून बसलोय.
एका टॅबमध्ये बूटस्ट्रॅप, दुसऱ्यात रिॲक्ट.

बूटस्ट्रॅप म्हणजे रस्त्यावरचा तयार शर्ट,
घातला की झालं, मापं द्यायची नाहीत.
रिॲक्टला नुसतं 'ये' म्हटलं
तर अकराशे फोल्डर दारात,
एकाचीही ओळख नाही, सगळे म्हणे लागतातच.
घरमालकानं इतके पाहुणे पाहिले असते
तर डिपॉझिट गेलं असतं.
मध्येच थांबवलं.

काम काय, तर एक बटण.
'उद्या खाडा.'
बाई खाडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहितात,
पेन्सिलीनं, नावांशिवाय:
चष्मेवाला सकाळ. लातूर दोघं. उंच मुलगा गावी.
तरी रोज वीस-बावीस पोळ्या उरतात,
दुसऱ्या दिवशी त्यांचा कुस्करा,
आणि बाई स्वतःच म्हणतात,
कुस्करा खाऊन कोणी कलेक्टर झालेला मी पाहिला नाही.

एका रात्रीत झालं. निळं, गोल कडांचं,
खाली जराशी सावली.
बाईंसाठी वेगळं बटण, 'आजची यादी'.
अंगठा कणकेचा, बटण बारकं, दुसरंच काहीतरी उघडलं.
मोठं कर, म्हणाल्या.
बूटस्ट्रॅपकडे मापं तीनच. सर्वात मोठं लावलं.
अजून मोठं. पोळपाटाएवढं नको रे, पुरीएवढं तरी.

तेव्हा पहिल्यांदा आत उतरावं लागलं,
तयार शर्टाची शिवण उसवून.
दोन वाजेपर्यंत ओळीओळीपुढे 'महत्त्वाचं' लिहीत गेलो,
उत्तरपत्रिकेत अधोरेखित करायचो तसं.
शेवटी सगळंच महत्त्वाचं झालं
आणि कुणी कुणाचं ऐकेना.
पण बटण पुरीएवढं झालं.

रविवारी तन्वीर आला. आत डोकावून हसला.
'चालतंय की. पण वाढवायला गेलास की फाटेल.'
साठ पोरं आहेत, म्हटलं, वाढणार कुठे.
'तू वाढशील की,' असं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.
म्हणाला, 'थांब, तुला नीट लावून देतो,'
आणि ते अकराशे पुन्हा बोलावले.

एवढ्यात जिन्यातून बाई:
'अरे, हा अबक कोण?
तीन दिवस झाले, खाडाही टाकत नाही, जेवायलाही येत नाही.
दोन्ही वेळा चार पोळ्या लाटतेय त्याच्या.
आजारी तर नाही ना पोरगं?'

अबक मी केलेला. बटण चालतंय का बघायला.
गाव रिकामं, जन्म एक जानेवारीचा.
तन्वीर हळूच म्हणाला,
म्हणून आमच्याकडे चाचणीचं घर वेगळं असतं,
खऱ्या घराला त्याचा वाससुद्धा लागत नाही.
हे पटलं. वहीत लिहून घेतलं.

खाली ताट झाकून ठेवलेलं.
गवारीची भाजी, वरण, लिंबाची फोड, चार पोळ्या,
रविवार म्हणून वाटीत शेवयांची खीर.
बाईंना सांगणार होतो, असा कोणी नाहीये.
'त्याचं मी बघतो,' एवढंच तोंडातून आलं.
'बघ बाबा,' म्हणाल्या, 'घरी कळवलंय का त्यानं?'

तन्वीरनं दोन पोळ्या घेतल्या, मी दोन.
वर खोलीत फोल्डर उतरत होते,
आठशेच्या पुढे कुठेतरी.
खीर एकच वाटी होती.